सपाट दिसणारं धाबं

धुळे, शुक्रवार

मी संशयी बाई आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुमची फसगत व्हायची नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी तीस वर्षं एकच काम केलं. लाकडाची, धातूची, प्लास्टिकची पट्टी टांगायची, तिला सहज पेलेल एवढं वजन लावायचं आणि वाट बघायची. आठवडा, महिना, वर्ष. पट्टी आज तुटत नाही, उद्याही तुटत नाही, पण लांबत असते. सुरुवातीला जराशी भरभर, मग इतकी सावकाश की नवखा माणूस म्हणतो, थांबली हो. ती थांबलेली नसते. बरेच दिवस अशी गरीब गाईसारखी राहून मग ती पुन्हा वेग घेते आणि तो वेग दिसला की आम्ही वजनाखालून हात काढून घ्यायचो. याला आम्ही क्रीप म्हणायचो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण अजून कुणाच्या घरी गेले की मी आधी पडद्याची दांडी वाकली आहे का ते बघते, मग यजमानांकडे बघते.

त्यामुळे मंगलाच्या दारात पाऊल टाकल्याबरोबर मी म्हटलं, "तुझं पुस्तकांचं फडताळ मधे अंगठाभर खाली आलंय."

"आलीस का शंकासुरे," मंगला म्हणाली. "पाणी पी आधी."

मंगला माझी कॉलेजातली मैत्रीण. धुळ्यात तिनं जन्मभर शिकवलं. एप्रिलमध्ये धुळ्याला ये असं कुणी प्रेमानं बोलवत नाही, तेव्हा तिचा फोन आला त्याच क्षणी मला वाटलं होतं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. जेवायला शेवभाजी होती, "तुझ्यासाठी तिखट कमी घातलंय" असं सांगून वाढलेली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धार लागली. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडतो; इथे काळ्या मसाल्यावर तेलाचा तवंग चढतो आणि त्याला कमी तिखट म्हणतात. नाक पुसता पुसता मी विचारलं, "आता खरं सांग, कशाला बोलावलंस?"

मग तिनं सांगितलं. धरणगावजवळच्या एका गावात सुमनअक्का नावाची बाई अठरा बायांना घेऊन पापड आणि बिबड्या करते. बिबड्या म्हणजे ज्वारीच्या पिठाचा लसूण, तीळ, मिरची घालून शिजवलेला घाटा कापडावर थापून वाळवायचा तो खानदेशी पापड. त्या ज्या घरात काम करतात ते धाब्याचं आहे: दगडमातीच्या भिंती, आडव्या लाकडी तुळया, त्यांवर बारीक लाकडांच्या कड्या, कड्यांवर कापसाच्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा सपाट थर. आत गारवा, वर वाळवण. या कामाला याहून चांगली जागा नाही. पण घराचा मालक म्हणतो, छत धोक्याचं झालंय, रिकामं करा. अक्का म्हणते, तो खोटं बोलतो. खरं काय ते मी सांगायचं होतं.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. दोन वर्षांत मला कुणी काही मोजायला सांगितलं नव्हतं.

धरणगावजवळ, शनिवार

घराच्या दारावर लाल रंगात भली मोठी फुली मारून खाली "धोका" असं लिहिलं होतं. रंग अगदी नवा. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. छत खरंच वाकलं असेल तर माणूस मिस्त्री आणेल, रंगाचा डबा कशाला आणेल?

आत गेले तर बाहेरच्या भट्टीतून एकदम माठाजवळ आल्यासारखं वाटलं. दहा-बारा बाया पाटावर उडदाचे पापड लाटत होत्या, बाकीच्या वर होत्या. सुमनअक्का साधारण पंचावन्नची, उंच, पदर खोचलेला, आणि माझ्याकडे बघताना डोळे बारीक केलेले. मला ती लगेच आवडली.

"या ताई, बठा. पानी ल्या," ती म्हणाली आणि मी पाणी पीत असतानाच पुढचं विचारलं, "खरं सांगा, हे घर पडनार शे का?"

मी वर बघितलं. तुळया दिसतच नव्हत्या. धाब्यातून माती झडते, ती पापडांवर पडू नये म्हणून बायांनी जुनी लुगडी जोडून भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बांधली होती. ओळीनं हिरवी, जांभळी, विटकरी लुगडी. लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटत होतं.

"औंदा माती जास्ती पडस," शेवंता म्हणाली. ही त्यांतली सगळ्यांत तरुण, चाळिशीच्या आतली. "म्हनीसन दुहेरी बांधात लुगडा."

मी मान डोलावली. मग अक्का मला बाहेरच्या दगडी जिन्यानं धाब्यावर घेऊन गेली. पांढऱ्याशुभ्र कापडांवर बिबड्यांच्या रांगाच रांगा आणि चहूकडे उन्हानं पांढरी पडलेली कापसाची रिकामी शेतं. पर्समध्ये मी अजून पाणसळ बाळगते, बुडबुड्याची काचनळी बसवलेली वीतभर पट्टी. ती मी कडेला ठेवली, मधे ठेवली, कोपऱ्यात ठेवली. बुडबुडा जागचा हलेना. धाबं कॅरमबोर्डासारखं सपाट होतं.

"माती कधी टाकता?"

"दर साल, पावसाना आधी. मधमा जरासा खड्डा पडस, पानी थांबस, म्हनीसन मधमा जास्तीनी टाकतस. सपाट नही ऱ्हायनं तर बिबड्या कशा वायतीन?"

हे वाक्य मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. आज ती वही उघडली की मला स्वतःची लाज वाटते. कारण लिहीत होते हातानं, डोक्यात सगळी ती लाल फुली होती. हा मालक या बायांना कसा हुसकावतोय आणि मी त्याचं बिंग कसं फोडणार, याचंच चित्र मी रंगवत होते.

"छत सपाट आहे," मी म्हटलं. "तसूभरही वाकलेलं नाही."

अक्काचे बारीक केलेले डोळे एकदम मोठे झाले. जिन्यावरूनच तिनं खाली हाक दिली, "ताईनी बाटलीमाबी सपाटच शे वं! मी सांगं नव्हतं? मालक भाऊले जागा जोयजे, म्हनीसन भेव दखाडस!" खाली एकच हसू उसळलं. मला ताटलीत गरम घाटा मिळाला, मधे खळगा करून त्यात कच्चं तेल. पुण्यात असा पदार्थ कुणी पाहुण्यापुढे ठेवायला धजणार नाही. मी दोनदा मागून घेतला. माझ्या शब्दावर अठरा जणींचा उन्हाळा वाचला होता, अशा ताठ्यात मी जळगावच्या बसमध्ये चढले.

फैजपूर, रविवार

मालकाला गाठायचंच, असं मी ठरवलं होतं. त्याचं नाव हिरामणभाऊ, राहतो फैजपूरला, केळीच्या बागा आहेत. जळगावच्या लॉजवर कपाटातली दांडी वाकलेली होती म्हणून मी साडी खुर्चीवर ठेवली आणि सकाळी फैजपूरची बस धरली. हिरवी केळी आणि मागे सातपुड्याची निळी रेघ; आदल्या दिवशीच्या उजाड शेतांनंतर हे डोळ्यांना मोठं सुख होतं. मी त्याच्यावरही फार विश्वास ठेवला नाही.

हिरामणभाऊ बागेतच भेटले. साठीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं शहरी. मी कोण हे सांगितल्यावर ते जराही गडबडले नाहीत, हे मला खटकलं.

"जागा हवीय ना तुम्हाला?" मी सरळच विचारलं.

"हवीय की. खोटं कशाला बोलू? रस्त्याला लागून आहे, गोदाम बांधायचंय मला."

"म्हणून दारावर फुली मारलीत."

"तोंडानं तीनदा सांगून पाहिलं. ऐकत नाहीत, म्हणून रंगानं लिहिलं." त्यांनी मला केळीच्या ओळीतून पुढे नेलं. प्रत्येक झाडाला एकेक लाकडी टेकू होता, कारण घड भरत गेला की झाड त्याच्या बाजूला कलत जातं. "ताई, तुम्ही धाबं बघितलं म्हणता. वरून की खालून?"

"खाली लुगडी बांधलीयत."

"मग काय बघितलं?" ते शांतपणे म्हणाले. "आमचे वडील दर तिसऱ्या वर्षी सगळी जुनी माती खरवडून उतरवायचे, मगच नवी घालायचे. अंगणात मातीचा डोंगर व्हायचा. या बायांना मी घर दिलं त्याला बारा वर्षं झाली. माती कधी काढली का, विचारा त्यांना. टाकली किती, तेही विचारा."

तिथे केळीच्या सावलीत मला वहीतलं अक्काचं वाक्य आठवलं. मधे खड्डा पडतो म्हणून मधे जास्त टाकतो. बारा वर्षं. तुळई खाली वाकते, वर खळगा होतो, त्या खळग्यात माती जाते, त्या मातीच्या वजनानं तुळई आणखी वाकते. वरचं धाबं सपाट होतं ते वाकलं नव्हतं म्हणून नव्हे, दर वर्षी भरून काढलं होतं म्हणून. आणि मी, जिनं तीस वर्षं टांगलेल्या पट्ट्या बघितल्या, ती मातीवर पाणसळ ठेवून आले होते.

मला त्या माणसाचा राग आला. तो लबाड निघाला असता तर माझं सगळं जमलं असतं. तो स्वार्थी होता आणि खरंही बोलत होता, याला काय करायचं ते मला कळेना.

"टेकू लागले तर टेम्पोभर पाठवतो," निघताना ते म्हणाले. तेव्हासुद्धा माझ्या मनात आलंच, याला एवढं औदार्य कशाचं? अक्काला मी बसस्टँडवरून चारदा फोन लावला. उचलला नाही.

पुन्हा धरणगावजवळ, सोमवार

फोन का उचलला नाही ते जिन्याच्या पहिल्या पायरीलाच कळलं. पायऱ्यांवर ओल्या पांढऱ्या मातीचे ठसे होते. धावत वर गेले. धाब्यावर नवा थर, सारवल्यासारखा गुळगुळीत, अजून ओला.

"हे कधी?"

"काल. बठ्ठ्या बाया व्हत्यात," अक्का आनंदानं म्हणाली. "तुम्ही परवा सपाट शे म्हनी सांगं ना? मंग म्हन्तं, औंदा आखाजीना सणना आधीच उरकी टाकूत. तुमना शब्दवर टाकी."

मी तिला सांगितलं, माझी चूक झाली, मी खालून बघितलंच नाही, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना बाहेर काढ. तिचे डोळे पुन्हा बारीक झाले.

"काल कथा गयथात तुम्ही?"

"फैजपूरला. हिरामणभाऊंकडे."

तिनं तोंड बायांकडे फिरवलं. मग बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊनी केळी खावाड्यात वाटस ताईले."

जन्मभर मी जगावर संशय घेतला. कुणी माझ्यावर घेतला की कसं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. वाईट असं की तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

एवढंच कबूल झालं की मधलं लुगडं सोडायचं. सोडताना त्यातून पायलीभर माती आणि पऱ्हाट्यांचा चुरा शेवंताच्या अंगावर पडला. मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मधल्या तुळईच्या टोकांच्या तळाशी, तिच्या कडेनं दोरा ताणला. मधे तुळई दोऱ्याच्या चार बोटं खाली होती.

"ती पयलेपाईन तशीच शे," अक्का म्हणाली.

तिचंही खरं असू शकत होतं. वाकलेली असणं वेगळं आणि वाकत असणं वेगळं. तुळई अशी वाकून अजून वीस वर्षं उभी राहील, किंवा तिनं शेवटचा वेग घेतला असेल. ते सांगायला मी प्रयोगशाळेत महिना मागितला असता. इथे माझ्याकडे एक दिवस होता आणि डोक्यावर ओली माती होती.

मग मी दोन बांबू मागवले. एक तुळईच्या बरोबर मधे उभा केला आणि असा कापला की त्याचं डोकं आणि तुळई यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम सरकावं. दुसरा तसाच, पण भिंतीजवळ, जिथे तुळई हलायचं कारण नाही. माझ्या मापावर माझाच विश्वास नसतो, म्हणून हा दुसरा. "उद्या सकाळी दोन्हीकडे कार्ड सरकलं," मी म्हटलं, "तर मी तुमची आणि भाऊंची, दोघांची माफी मागून पुण्याला जाते. तोवर बाहेर कडुलिंबाखाली बसा."

"लिंबाखाले गरम वारा शे ना? पापड फाटतस," अक्का म्हणाली आणि मुद्दाम पाट त्या मधल्या बांबूला टेकून बसली. बाया तिच्याभोवती बसल्या. मला त्यांना सोडून जाववेना आणि आत बसायचा धीर होईना. मी उंबऱ्यावर बसले, पाय बाहेर ठेवून. सांगायला लाज वाटते, पण मला भीती वाटत होती.

तासाभरानं अक्कानं हातातलं लाटणं थांबवलं. "ताई, दारमा कसाले बठनात?"

खोटं बोलता आलं असतं. ऊन खाते, वारा घेते. मी म्हटलं, "भ्याले मी, अक्का."

शेवंता उठली, पाट उचलला आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली. तिच्यामागून आणखी दोघी, मग चौघी. लिंबाखाली पापड खरंच वाऱ्यानं फाटत होते, तरी त्या तिथेच लाटत बसल्या. संध्याकाळी काम उरकेपर्यंत आत एकटी सुमनअक्का होती.

मंगळवार

सकाळी मी पोचले तेव्हा अक्का कुलूप उघडून दारातच उभी होती. माझ्या आधी आत गेली नव्हती. पोस्टकार्ड मी तिच्याच हातात दिलं. मोजायचं काम आता माझ्याकडे राहिलं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

भिंतीजवळच्या बांबूवर कार्ड अलगद सरकलं. ते घेऊन ती मधे आली. कार्ड टेकवलं, ढकललं. कार्डाचा कोपरा दुमडला. मग तिनं कार्ड टाकलं आणि दोन्ही हातांनी बांबूच धरून ओढला. आदल्या दिवशी जो हातानं हलत होता, तो भिंतीत चिणल्यासारखा घट्ट बसला होता. तिनं पायाचा रेटा देऊन पुन्हा ओढला. वरून चिमूटभर माती तिच्या केसांत पडली.

तिनं बांबू सोडला. भिंतीकडेचे पाट, लाटणी, उडदाच्या पिठाचा डबा, सगळं एकेक करून बाहेर नेलं. बाहेर जाऊन स्वतःच्या फोनवरून हिरामणभाऊंना म्हणाली, "भाऊ, टेकू धाडी द्या." आणि ताडकन पुढे, "घर नही सोडाऊत. टेकू धाडा."

दुपारपर्यंत टेम्पो आला, केळीबागेतले जाड टेकू भरून. गावच्या सुतारानं तुळईखाली आडव्या फळ्या देऊन ते दाटीनं ठोकले. ते होईपर्यंत मी कुणाला आत फिरकू दिलं नाही. मग माती उतरवायची. मधे कुणी उभं राहायचं नाही, कडेला बसूनच फावड्यानं ओढायची, एवढं मी सांगितलं आणि या वेळी ते ऐकलं गेलं. कडेला माती वीतभर खोल होती. मधे फावडं आणखी चार-पाच बोटं खोल गेलं. कापलेल्या मातीत एकावर एक थर दिसत होते, वाळलेले, फिके. बाया आपापसांत सांगत होत्या, हा अमकीच्या लग्नाच्या वर्षीचा, हा दुष्काळाच्या वर्षीचा. सगळ्यांत वर बोटभर जाडीचा एक थर ओला, गडद होता.

अंगणातला ढीग वाढत चालला. मी जिन्याच्या वरच्या तोंडाशी उभी राहून सूचना देत होते. अक्कानं तो वरचा ओला थर फावड्यानं वेगळा सोलून काढला, एका पाटीत गच्च भरला आणि पाटी माझ्या पायाशी आणून ठेवली.

"हाई पाटी तुमनी शे, ताई," ती म्हणाली. "तुम्हीच उतारा."

रागानं नव्हती म्हणाली. ज्याचं काम त्याला द्यावं तसं म्हणाली. माझी पाठ दुखते, गुडघे दुखतात, यातलं काहीही मला तिच्यासमोर बोलवेना. शेवंतानं माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि दोघींनी पाटी वर चढवली. ओल्या मातीचं वजन सरळ मानेत उतरलं. एक हात भिंतीला लावून मी पायरी पायरी मोजत खाली आले आणि ढिगावर पाटी पालथी केली. मान वर करून बघितलं तर अक्का धाब्याच्या कडेला उभी राहून माझ्याकडेच बघत होती.

"आखो तीन पाट्या शेतस," ती म्हणाली.

मी रिकामी पाटी उचलली आणि पुन्हा जिना चढायला लागले.